घरच्या घरी अभ्यंग कसा करावा?

दिनचर्येतल्या सगळ्या चांगल्या सवयी एकदम लावून घ्यायला गेलं, की आठवड्याभरात सगळ्याच सुटतात. म्हणून सुरुवात एकाच गोष्टीपासून करा: अंगाला तेल लावण्यापासून. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करायला सांगितला आहे आणि डोके, कान, तळपाय यांना तो विशेष करावा असेही म्हटले आहे. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. वेळ नसेल त्या दिवशी या तीन जागांना तेल लागले, तरी सवय मोडत नाही.

तेल तिळाचे घ्या. आयुर्वेदात ते उष्ण आणि वात कमी करणारे मानले जाते. उन्हाळ्यात किंवा अंगाची आग होत असेल तर खोबरेल बरे. औषधी तेल मात्र वैद्याने सांगितले तरच वापरा. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ उठले, तर ते आपल्यासाठी नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर तीळतेल वापरूच नका.

तेल थेट गॅसवर तापवू नका. दोन-तीन मोठे चमचे तेल वाटीत घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाचेक मिनिटे ठेवा. मनगटावर थेंब टाकून पाहा, कोमट लागले पाहिजे. मग जुनी चादर अंथरून त्यावर बसा.

पहिल्यांदा डोके. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा, नखे लागू देऊ नका. मग कानांच्या पाळ्या आणि कानामागचा भाग. कानात मात्र तेल घालू नका, विशेषतः कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर. त्यानंतर मान, खांदे, हात. लांब हाडांवर वर-खाली आणि सांध्यांवर गोल, एवढे लक्षात ठेवले की पुरे. छाती-पोटावर हात हलका हवा. पोटावर तो उजवीकडून वर, आडवा डावीकडे आणि मग खाली असा फिरवा; मोठे आतडे त्याच वाटेने जाते. पाठीला हात पुरेल तेवढेच.

गुडघ्यापाशी जरा थांबा. पाय किंचित वाकवून गुडघ्याच्या वाटीभोवती दोन्ही अंगठे फिरवा. कोरडी कातडी पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तेल पिऊन टाकते आणि हात अडखळतो. आणखी थेंबभर तेल घ्या. हात सहज सरकायला लागला, की मगच पोटरीकडे वळा.

तळपाय शेवटी: टाच, मधली खोलगट जागा, बोटांच्या बेचक्या. उठण्याआधी तळवे फडक्याने नीट पुसा, तेलकट पायांनी फरशीवर घसरायला क्षणही पुरतो.

पंधरा-वीस मिनिटांनी अंगावरचे जास्तीचे तेल जुन्या कापडाने टिपून घ्या म्हणजे मोरी तुंबत नाही. मग डाळीचे पीठ किंवा सौम्य साबण लावून गरम पाण्याने आंघोळ करा. डोक्यावरून कढत पाणी नको. त्याने केसांचे आणि डोळ्यांचे बळ घटते, असे वाग्भटानेच सांगितले आहे.

ताप, अजीर्ण, कफाचा जोर असेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल, तर अभ्यंग टाळा. जखमेवर आणि पुरळावर तेल नको. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर ती मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा लगेच डॉक्टरांकडे जा.

सकाळी जमतच नसेल, तर रात्री झोपताना पलंगावर बसून तळपायांना पाच मिनिटे तेल चोळा आणि जुने सुती मोजे घाला. चादर खराब होत नाही, सकाळी टाचा मऊ लागतात.