राणीच्या बागेत झाडं बघायला जाताना

माझं माहेर लालबागचं. लहानपणी राणीची बाग म्हणजे हत्ती नि माकडं. मान वर करून झाडाकडे कोण बघतंय! चाळिशी उलटल्यावर एकदा कैलासपतीचं फूल पायाशी पडलं. उचलून हुंगलं आणि तेव्हापासून मी भायखळ्याला जाते ती झाडांसाठीच. आता सोबत नात असते.

बुधवारी बाग बंद असते. शनिवार-रविवार शक्यतो नको, गर्दीत झाडाखाली उभंही राहता येत नाही. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, पुढे चालतच जाता येतं. मुलं बरोबर असली तर पेंग्विन आधी उरकून घ्या. नाहीतर प्रत्येक झाडाशी ‘आता पेंग्विन ना?’ सुरू होतं आणि तुमचंही लक्ष उडतं.

मग एका फेरीत चार-पाचच झाडं बघायची, त्याहून जास्त नाही. ही बाग १८६२ साली उघडली ती वनस्पतींसाठी, प्राणी नंतर आले. म्हणून तर आफ्रिकेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतची झाडं इथे एका कुंपणात भेटतात. एखादं सापडलं नाही तर माळीकाकांना विचारा. मला तरी त्यांनी नेहमी थेट झाडापाशी नेऊन सोडलंय.

सुरुवात गोरखचिंचेपासून करा. आफ्रिकेचं हे झाड. खोड एवढं जाड की मुलांना हात धरून कडं करायला सांगावं. उन्हाळ्यात ते निष्पर्ण असतं. पावसाळ्यात मोठी पांढरी फुलं येतात, ती रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लागतात. आत पिंडी आणि वर फणा दिसतो, तो मुलांना स्वतःला शोधू द्या. फळ तोफगोळ्याएवढं असतं, म्हणून खाली बसून डबा उघडू नका. कृष्णवडाच्या पानाला देठाशी द्रोणासारखा खिसा असतो. कृष्णाने त्यात लोणी लपवल्याची गोष्ट मी त्या झाडाखालीच सांगते, घरी सांगून ती रंगत नाही. उर्वशी मात्र थंडीतच गाठा. ब्रह्मदेशातलं झाड हे, लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात. फुलं नसली तरी हिरमुसू नका, तिची कोवळी तांबूस पालवी मलूल होऊन लोंबते, तीही बघण्यासारखी.

तोडायचं काहीही नाही. खाली पडलेलं पान वहीत ठेवा, वर तारीख लिहा. नातीच्या वहीत एकाच झाडाची तीन ऋतूंतली पानं आहेत आणि ती वही माझ्यापेक्षा तीच जास्त जपते.

निघताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती बघा. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो हाच.

एवढं आवडलं तर पुढच्या खेपेला माहीमचं निसर्ग उद्यान. पूर्वी तिथे कचऱ्याचे डोंगर होते, धारावीला लागूनच. आता तिथे दाट झाडी आहे. पावसाळा संपता संपता जा, फुलपाखरं भरपूर दिसतात. कुलाब्याच्या सागर उपवनात संध्याकाळी बसायला बरं वाटतं, समोर समुद्रच.

आणि ताम्हण बघायचं असेल तर मे महिना चुकवू नका. जांभळी फुलं पावसाच्या पहिल्या सरींनी झडायला लागतात.