अँड्रॉइड स्टुडिओ अपडेट केला आणि बिल्ड अडलं? आधी जावा बघा

शुक्रवारी संध्याकाळी अपडेट करू नये, हे मलाही कळतं. पण मागच्या पावसाळ्यात रुळांवर पाणी साचलं, लोकल बंद पडल्या, ऑफिसातच अडकलो आणि वेळ जावा म्हणून अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अॅप बनवायचं सॉफ्टवेअर, अपडेट करून टाकला. तासाभरात पाणी ओसरलं, गाड्या सुरू झाल्या. बिल्ड, म्हणजे कोडपासून अॅप तयार होणं, काही सुरू होईना. कोडची एक ओळही बदलली नव्हती.

अशा वेळी पहिली पायरी म्हणजे आहे ते सगळं गिटमध्ये कमिट करणं, म्हणजे मागे येता येईल अशी कोडची नोंद ठेवणं. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसरी पायरी, एरर नीट वाचणं. लाल ओळी शेकडो दिसतात, पण कुर्ल्याला सिग्नल बिघडला की मागे ठाण्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात, तसं आहे हे. मूळ बिघाड बहुधा एकच असतो. लांबलचक मजकुरात सगळ्यात शेवटी जिथे ‘कॉज्ड बाय’ लिहिलंय, तिथून वाचायला लागा.

आता मुख्य संशयित: जावा. स्टुडिओ स्वतःबरोबर जेडीके, म्हणजे जावाचा संच, घेऊन येतो आणि प्रोजेक्टचं ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारं साधन, बऱ्याचदा त्याच्यावरच चालतं. 2024 च्या लेडीबग आवृत्तीपासून हा जेडीके 21 झाला. जुन्या ग्रेडलला तो झेपत नाही आणि ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ अशी एरर येते. या आकड्यातून 44 वजा करा, जावाची आवृत्ती मिळते: 65 म्हणजे 21, 61 म्हणजे 17. जावा 21 वर चालायला ग्रेडल किमान 8.5 लागतं, 17 वर चालायला 7.3. माझ्याकडे 65 च निघाला. सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्स, त्यात ग्रेडल, तिथे ‘ग्रेडल जेडीके’ समोर 17 निवडलं आणि बिल्ड झालं. टर्मिनल मात्र ही सेटिंग बघत नाही, ते जावा होम (JAVA_HOME) ही कॉम्प्युटरवरची सेटिंग बघतं. स्टुडिओत चालतंय आणि टर्मिनलमध्ये नाही, असं झालं तर तिथे शोधा.

स्टुडिओ उघडताच ‘प्रोजेक्टचं प्लगिनही अपग्रेड करा’ असं सुचवतो. प्लगिन म्हणजे ग्रेडलला अँड्रॉइड अॅप बनवता यावं म्हणून लावलेला जोड. लगेच हो म्हणू नका. नवा स्टुडिओ गेल्या काही वर्षांतली प्लगिन चालवून घेतो. घर रंगवलं म्हणून भांडी बदलायची गरज नाही. हो म्हणून बसलाच असाल, तर पहिल्या पायरीतलं कमिट आहेच, मागे या.

प्लगिन खरोखरच 8.0 वर न्यायचं असेल तर त्याला जावा 17 आणि ग्रेडल किमान 8.0 लागतं. ग्रेडलची आवृत्ती रॅपरच्या, म्हणजे ठरलेलं ग्रेडल उतरवून चालवणाऱ्या भागाच्या, प्रॉपर्टीज फाइलमध्ये, डाउनलोडच्या पत्त्यातच लिहिलेली असते. ते डाउनलोड शंभर एमबीच्या पुढे जातं, त्यामुळे लोकलमध्ये उभं राहून मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. अर्धवट उतरलेली झिप पुढे विचित्र एरर देते. तसं झालंच तर होम फोल्डरमधल्या ‘.ग्रेडल’ च्या आत रॅपर, त्यात डिस्ट्स, तिथलं त्या आवृत्तीचं फोल्डर उडवा आणि घरच्या वायफायवर पुन्हा उतरवा.

प्लगिन 8 नंतरच्या दोन तक्रारी ठरलेल्या. ‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’ आलं, तर मॅनिफेस्टमधलं (अॅपची माहिती देणाऱ्या फाइलमधलं) पॅकेजचं नाव मॉड्यूलच्या ग्रेडल फाइलमध्ये नेमस्पेस म्हणून लिहा. बिल्डकॉन्फिग (बिल्डची माहिती कोडला देणारा क्लास) सापडत नसेल तर ते आता आपोआप तयार होत नाही, त्याच ग्रेडल फाइलमधल्या बिल्डफीचर्समध्ये चालू करावं लागतं. जुन्या लायब्ररीतच नेमस्पेस नसेल तर तिची नवी आवृत्ती शोधणं आलं.

‘इनव्हॅलिडेट कॅशेस’, म्हणजे स्टुडिओने साठवलेली तात्पुरती माहिती पुसणं, मी सगळ्यात शेवटी ठेवतो. बरेच जण ते आधी करतात. पण जेडीकेची निवड चुकीची असेल तर कॅशे कितीही साफ केली तरी 65 हा 65 च राहतो. वर इंडेक्सिंग (स्टुडिओने सगळ्या फाइली पुन्हा वाचून काढणं) संपेपर्यंत दोन कटिंग चहा होतात, ते वेगळंच.