नायगाराला निघालात? एक दिवस लेचवर्थला द्या

भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत नायगाराचा बेत ठरतोच. त्याच वाटेवर, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, लेचवर्थ स्टेट पार्क आहे. बहुतेक गाड्या त्याच्या जवळून तशाच पुढे जातात, आणि ज्या वळतात त्याही तासाभरात फोटो काढून निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की लेचवर्थसाठी अख्खा दिवस ठेवा आणि त्याची आखणी घरात सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाकडे बघून करा. इथे ते जमतं. तीन मोठ्या धबधब्यांपैकी दोन गाडीतळापासून अगदी जवळ आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही गाडीत बसून राहावं लागत नाही.

आधी दिवस ठरवा

उद्यानातून वाहणाऱ्या जेनेसी नदीला पाणी भरपूर हवं असेल तर एप्रिल-मे गाठा. बर्फ वितळलेला असतो, पाऊस असतो, धबधबे भरून वाहतात. मात्र मेमध्येही सकाळी चांगलंच गार असतं, म्हणून आई-बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी गाडीत असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी होतं, पण हवा सुखाची आणि दिवस मोठा. ऑक्टोबरच्या मध्याला झाडांचे रंग बघण्यासारखे असतात, आणि ते बघायला सगळेच येतात. त्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा. मुलांच्या शाळेमुळे टाळता येत नसेल, तर सकाळी लवकर आत शिरा. हिवाळ्यात बर्फामुळे आतले काही रस्ते बंद असतात, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी तो काळ नकोच.

मग दार ठरवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. उद्यान रुंदीला कमी आणि लांबीला सुमारे १७ मैल आहे, कारण ते नदीच्या घळईच्या कडेकडेने पसरलं आहे. तिन्ही मोठे धबधबे दक्षिण टोकाला आहेत. फोनवर नुसतं उद्यानाचं नाव टाकलंत तर तो तुम्हाला उत्तरेच्या माउंट मॉरिसच्या दारात नेऊन सोडू शकतो. तिथून धबधब्यांपर्यंत आतल्या वळणावळणाच्या रस्त्याने बराच वेळ जातो. म्हणून फोनवर पोर्टेजव्हिलचं किंवा कॅस्टाइलचं दार शोधा. न्यू जर्सीहून येताना ३९० क्रमांकाच्या महामार्गावर डॅन्सव्हिलला उतरून ४३६ क्रमांकाचा रस्ता धरला, की पोर्टेजव्हिल येतं.

आणखी एक काळजी घ्या. नदीच्या पूर्व काठावरही उद्यानाचा भाग आहे, आणि आतून गाडीने पलीकडे जायला पूल नाही. चुकून त्या बाजूला शिरलात तर पुन्हा बाहेर पडून फिरून यावं लागतं.

प्रवेशशुल्क माणसांवर नसून गाडीवर असतं. ते साधारण १० डॉलर असतं, पण निघण्यापूर्वी राज्याच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर एक मोठी गाडी करणं सोयीचं. घळईत फोनची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्या.

धबधब्यांचा क्रम

सुरुवात वरच्या धबधब्यापासून करा. त्याच्या वरच्या अंगाला घळईवरून रेल्वेचा कमानी पूल जातो. इथे १८५२ मध्ये लाकडी पूल होता. तो १८७५ मध्ये जळाला, त्या जागी लोखंडी पूल उभा राहिला आणि २०१७ मध्ये आताचा पोलादी पूल आला. मालगाडी जायची वेळ साधली तर लहान मुलं तिथून हलत नाहीत.

मधला धबधबा सर्वात उंच, १०७ फूट. याच्यासाठी घाई करू नका. ऊन असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. सेनेका हे इथले मूळ रहिवासी. हा धबधबा बघायला सूर्यसुद्धा भर दुपारी थबकतो, अशी त्यांची कथा सांगतात. वरच्या आणि मधल्या धबधब्याच्या मध्ये कड्यालगत पायवाट आहे, पण तिला पायऱ्या आहेत. ज्यांना चालायचं आहे त्यांनी चालत यावं आणि एकाने ज्येष्ठांना गाडीतून पुढे आणावं. त्यानंतर इन्स्पिरेशन पॉइंटला थांबा. तिथून दोन्ही धबधबे आणि पूल एका नजरेत येतात.

खालचा धबधबा मात्र जरा अवघड आहे. त्याच्यासाठी सव्वाशेच्या आसपास दगडी पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. खाली नदीवर दगडी पादचारी पूल आहे, तिथे घळई इतकी अरुंद होते की पाणी घुसळत जातं. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जरूर उतरावं. बाकीच्यांसाठी वर सहलीची बाकं आहेत. बाबांना ‘जमेल हो तुम्हाला’ असं म्हणून भरीला घालू नका. उतरणं जमतं, चढताना दम लागतो.

पूर्वी इथल्या रानात मोठी लाकूडतोड झाली होती. विल्यम लेचवर्थ नावाच्या बफेलोच्या व्यापाऱ्याने १८५९ पासून इथली जमीन घ्यायला सुरुवात केली, झाडं लावली, आणि नदीवर धरणाचा बेत पुढे आल्यावर १९०६ मध्ये सुमारे हजार एकर जमीन राज्याला देऊन टाकली. त्याच्या घराजवळच्या टेकाडावर सेनेकांचं जुनं सभागृह हलवून आणून ठेवलं आहे. तिथे अर्धा तास जरूर काढा.

कड्याजवळ

घळईच्या भिंती काही ठिकाणी साडेपाचशे फुटांपर्यंत उंच आहेत, आणि त्यांत थरांचा ठिसूळ शेल दगड बराच आहे. कडा वरून भक्कम दिसला तरी खालून झिजलेला असू शकतो. कठड्याच्या दगडी भिंती १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी बांधल्या आहेत. त्यांवर बसून फोटो काढायचा मोह खूप होतो, पण मुलांना तिथे मुळीच चढू देऊ नका. नदीत उतरायचंही नाही.

डबा आणि कपडे

आत खाण्याच्या सोयी मोजक्या, म्हणून डबा घरचाच न्या. थालीपीठं, दशम्या, सुकी चटणी, लोणचं हे दिवसभर टिकतं. चहा थर्मासमध्ये भरून घ्या. सहलीच्या जागी शेगड्या असतात. कोळसा नेलात तर कणसं भाजता येतील, फक्त निघताना निखारे पूर्ण विझवा. पायवाटेवर जाणाऱ्यांनी पूर्ण पँट घालून पायमोजे वर ओढावेत. गवतातल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागचे खळगे, काखा आणि केस तपासा.

मुक्काम करायचा असेल तर

तंबूच्या जागा आणि लाकडी खोल्या आहेत. आरक्षण नऊ महिने आधी सुरू होतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा आई-बाबांचं तिकीट काढलंत की लगेच हेही करून टाका. हायबँक्स हा तंबूतळ उत्तरेकडे आहे. तिथून धबधब्यांपर्यंत पुन्हा गाडी काढावी लागते. सरपण घरून नेऊ नका. झाडांना मारणारे किडे लाकडातून पसरतात, म्हणून प्रक्रिया न केलेलं लाकूड ५० मैलांपलीकडे नेण्यास राज्यात बंदी आहे. ते तिथेच विकत मिळतं. मुक्काम नसेल तर चारच्या सुमारास निघा. नायगारा तिथून दीड-पावणेदोन तासांवर आहे, आणि त्या रात्रीचे दिवे बघायला वेळ उरतो.