दार लावून बसणाऱ्या माणसाशी वागताना या चुका टाळा

पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा एक तरी माणूस बहुतेक घरांत असतो. आपण त्याला घुमा म्हणतो, एकलकोंडा म्हणतो, फारच चिडलो तर माणूसघाणा. माझा धाकटा भाऊ असाच आहे. त्याला समजून घ्यायला मला कित्येक वर्षं लागली, आणि तोवर पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा शिष्टपणा आहे असं धरून चालणं. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी १९४५ मध्ये मांडलं होतं की आतल्या असुरक्षिततेवर माणसं तीन वाटांनी उपाय शोधतात. कुणी माणसांना बिलगतं, कुणी त्यांच्याशी भिडतं, कुणी त्यांच्यापासून लांब सरकतं. लांब सरकणाऱ्याला आपण नकोसे झालेलो नसतो. त्याला तिथे सुरक्षित वाटतं, एवढंच.

दुसरी चूक, सगळ्या बंद दारांना एकच किल्ली लावणं. एनिअग्राम नावाच्या नऊ स्वभावांच्या पद्धतीत चार, पाच आणि नऊ हे तीन प्रकार अलिप्त मानतात. या पद्धतीला शास्त्रीय पुरावा तोकडा आहे, त्यामुळे कुणाच्या कपाळावर आकडा चिकटवू नका. पण या तिघांची भीती वेगवेगळी असते, हे तिच्यातून चांगलं कळतं.

पाचव्या प्रकारच्या माणसाला वाटतं, जगाच्या मागण्यांना आपण पुरे पडणार नाही. म्हणून तो आधी सगळं समजून घेतो, मगच पुढे येतो. अशा माणसाला ऐनवेळी पुढे ढकलू नका. एका साखरपुड्यात मी भावाच्या हातात माईक दिला, “बोल रे दोन शब्द!” त्याने माईक शांतपणे खुर्चीवर ठेवला आणि गच्चीवर निघून गेला. मी रागावले. रात्री तो एवढंच म्हणाला, “ताई, मला आधी सांगत जा ना.”

तेव्हापासून मी आदल्या दिवशीच सांगते: रविवारी आत्याकडे जायचंय, आठ-दहा जण असतील, चारला निघू. निघायची वेळ ठरलेली असली की त्याचा जीव भांड्यात पडतो. गेल्या खेपेला तर आत्याचा बंद पडलेला मिक्सर उघडून बसला आणि भोवती जमलेल्या पोरांना एकेक भाग दाखवत तासभर बोलत होता!

नवव्या प्रकारचा माणूस खोलीत जात नाही. तो समोर बसून आत निघून जातो. “मला काहीही चालेल” हे त्याचं पालुपद. वाद झाला तर माणसं दुरावतील ही त्याची धास्ती, म्हणून स्वतःची इच्छाच तो गिळून टाकतो. त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. “घाई नाही, संध्याकाळी सांग,” म्हणा. आणि त्याने खरंच वेगळं काही सांगितलं, तर कपाळाला आठी घालू नका. ती आठी दिसली की पुढच्या वेळी पुन्हा “काहीही चालेल” ऐकायला मिळेल.

चौथ्या प्रकारच्या माणसाला आत खोलवर वाटत असतं की आपल्यात काहीतरी मुळातच कमी आहे. त्याला “एवढं काय मनाला लावून घेतोस, लोकांची दुःखं बघ” असं सांगणं म्हणजे त्याचं दुःखही किरकोळ ठरवणं. नुसतं ऐका. उपाय त्याने मागितला तरच सुचवा.

दारावर दर दहा मिनिटांनी “काय झालं?” विचारणं तिघांच्याही बाबतीत उलटं पडतं. एकदा सांगा, “मी बाहेर आहे, चहा ठेवलाय,” आणि खरंच बाहेर थांबा.

शेवटची चूक मात्र महागात पडते: सगळं स्वभावावर ढकलणं. अबोल माणूसही आपल्या वेळेला जेवतो, झोपतो, आवडीच्या कामात रमतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण-झोप बिघडली असेल, आवडीचं कामही नकोसं झालं असेल, तर तो स्वभाव नसून नैराश्य असू शकतं. मग डॉक्टरांना दाखवा. जगणंच नको झाल्याची भाषा असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. अशा माणसाला अनोळखी व्यक्तीला फोन करणंच अवघड जातं, म्हणून नुसता नंबर देऊ नका. शेजारी बसा आणि फोन तुम्ही लावा.