हेड गॅस्केट गेलं म्हणता? आधी थंड इंजिनाचा होज दाबून बघा

हेड गॅस्केट मी आजवर तीनदा बदललंय. गाड्या मात्र दोनच. तिसऱ्या वेळेचा दोष सर्वस्वी माझा. कारखान्यात गुणवत्ता तपासणीत माझी नोकरीची पंधरा वर्षं गेली, दिवसभर मायक्रोमीटर हातात असायचा. पण घरी स्वतःच्या गाडीचं हेड उतरवलं तेव्हा ते सपाट आहे की नाही हे मी डोळ्यांनी ठरवलं. नवीन गॅस्केट तीन आठवडे टिकलं.

ब्लॉक (इंजिनाचा खालचा, सिलिंडर असलेला भाग) आणि हेड (त्यावरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पातळ पत्रा तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: सिलिंडरमधला जळता गॅस, ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. कुठली भिंत फुटली त्यावर लक्षणं ठरतात. म्हणून एकाच्या गाडीत पांढरा धूर, दुसऱ्याच्या गाडीत दुधाळ ऑइल आणि तिसऱ्याच्या गाडीत नुसतंच कूलंट कमी होणं, असं सगळं दिसू शकतं. आणि गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. इंजिन एकदा तरी जास्त तापलेलं असतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं, खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. रोजच्या रोज ही ओढाताण गॅस्केट सोसतंच, पण इंजिन अति तापलं की हेडच वाकतं. त्यामुळे गाडी का तापली, याचं उत्तर मिळाल्याशिवाय बदललेलं गॅस्केट पुन्हा जाणार.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून परत घट्ट लावा, म्हणजे आतला उरलासुरला दाब निघून जाईल. (गरम इंजिनावर झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण उघडताक्षणी उकळून अंगावर येतं.) आता गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, मुठीत धरा. एक-दोन मिनिटांत, होज अजून गारच असताना तो दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर संशय पक्का.

दोन खोट्या खुणा मात्र लोकांना उगाच घाबरवतात. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेच, इंजिन तापल्यावर ती जाते. गेली नाही आणि गोडसर वास येत असेल तर मामला वेगळा. दुसरी खूण ऑइलच्या झाकणाखालची पिवळट साय. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ती नुसत्या दमटपणाने जमते. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल तर झाकणाकडे दुर्लक्ष करा.

आणखी खात्री हवी असेल तर निळ्या द्रावणाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून रबरी फुग्याने आतली हवा द्रावणातून ओढायची. पेट्रोल इंजिनाचा जळका गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. आधी कूलंटची पातळी थोडी खाली आणा. कूलंट नळीत शिरलं की द्रावण वाया जातं, हे मी पहिल्याच प्रयत्नात शिकले.

माझा जास्त विश्वास कॉम्प्रेशन गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या गेजवर, आहे. इंधन आणि इग्निशन बंद करा, सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टरने पाच-सहा ठोके द्या आणि आकडे कागदावर लिहा. माझ्या गाडीचे आले १६५, १६०, ९५ आणि ९० पीएसआय. तिसरा आणि चौथा, म्हणजे शेजारी-शेजारी. दोघांमधली गॅस्केटची भिंत जळाली की दोघंही पडतात. तरीही तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं. आकडा चांगला चढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. तो जागचा हलला नाही. डिझेल गाडीला पेट्रोलचं गेज लावू नका, तिथला दाब दुपटीहून जास्त असतो.

एवढं झाल्याशिवाय पान्याला हात लावू नका. शेजारच्या एका काकांची गाडी तापायची आणि कूलंट बाहेर फेकायची. गॅस्केटच गेलं असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. निघालं काय, तर रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली. झाकण, थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप हे सगळं आधी पाहायचं. बाटलीतून ओतायचं गळती बंद करणारं औषध मी वापरत नाही. ते भोक बुजवेल न बुजवेल, पण हीटरच्या बारीक नळ्या नक्की बुजवू शकतं.

हेड उतरवणं हे कामाचं सोपं अंग आहे, आणि तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असलं तर कंटाळवाणंही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कूलंट झाकणाच्या डब्यात घ्या. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. टाइमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ दाखवणाऱ्या) जुळवून फोटो काढा. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. हेडचे बोल्ट इंजिन थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल करायचे. हेड चिकटून बसलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, एक ओरखडा पुरतो. माझं हेड वीसेक किलोचं होतं. मुलाला हाताशी घेतलं आणि ते लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, कारण सपाट ठेवलं तर खाली आलेले व्हॉल्व्ह वाकतात.

आता जुनं गॅस्केट फेकून देऊ नका, वाचा. माझ्या गॅस्केटवर तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये काजळीचा बारीक काळा रस्ता पडला होता. गेजने सांगितलं तेच.

आणि मग मोजा. चांगली, खात्रीची स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, हेडच्या फेसवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरा, खाली फिलर गेजची (फट मोजायची, ठरावीक जाडीची) पाती सरकवून बघा. अनेक हेडना मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. मॅन्युअलमधली पाहा. पहिल्यांदा मी जे मोजलं नव्हतं ते दुसऱ्या वेळी मोजलं, तेव्हा मधोमध ०.१२ ची पात आरामात आत गेली. डोळ्याला ते हेड आरशासारखं सपाट दिसत होतं. मर्यादा ओलांडली की हेड लेथवाल्याकडे फेसिंगला न्या आणि त्याआधी तड्यांसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा असेल तर फेसिंगचा खर्च पाण्यात. हेडची किमान जाडी किती राहिली पाहिजे तेही आधीच विचारून ठेवा. ब्लॉकचा फेसही त्याच पट्टीने मोजा.

सफाईला मला दोन संध्याकाळी लागल्या. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर, सॉल्व्हंट आणि फडकं. ड्रिल मशिनला घासणारी चकती लावायचा मोह होतो, पण तिची बारीक पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते आणि गॅस्केट बदलता बदलता इंजिनच जातं. बोल्टची भोकं कोरडी करा. बंद भोकात पाणी किंवा ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना त्याला पळायला जागा नसते, ब्लॉक तडकू शकतो. शिवाय टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला त्याचा, आकडाही खोटा येतो.

गॅस्केट कोरडंच बसवा. पोलादी थरांच्या गॅस्केटला वरून सीलंट लावायचं नाही, मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्यात सांगितलं असेल तेवढंच. वरची बाजू वरच आहे ना आणि ऑइलचं भोक भोकावर येतंय ना, हे दोनदा पाहा. बोल्ट नवीन घ्या. आजकालचे बरेच बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. आवळताना क्रम उलटा: मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. माझ्या गाडीला आधी ३० न्यूटन मीटर टॉर्क, मग ९० अंश फिरवणं, मग आणखी ९० अंश असं होतं. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका दिला की कुठला फिरवला आणि कुठला राहिला हा घोळ होत नाही.

टाइमिंग जुळवल्यावर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने, पान्यानेच, पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. बहुधा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो.

ऑइल, फिल्टर, थर्मोस्टॅट नवे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि हवा निघू द्या. पहिली काही मिनिटं सायलेन्सरमधून वाफ येईल, ती आत सांडलेल्या कूलंटची. रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होईपर्यंत गाडीजवळून हलू नका. ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं तर तीन-चारशे किलोमीटरनंतर ऑइल आणखी एकदा बदला, कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं तेव्हा निघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी अर्धा कप उतरली होती आणि माझ्या पोटात गोळा आला. ती अडकलेली हवा होती. भर घातली, टाकीवर मार्करने रेघ मारली, आणि पुढचा महिनाभर रोज सकाळी थंड होज दाबून बघितला. मऊ लागायचा. ती रेघ अजून टाकीवर आहे, पातळीही तिथेच.