बाळ एनआयसीयूमध्ये असताना त्याला आईचं दूध कसं मिळेल?

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत; आई दुसऱ्या वॉर्डात. अशा वेळी ‘दुधाचं नंतर बघू’ असं घरचे मायेनंच म्हणतात, पण बघायचं ते आत्ताच. स्तन रिकामे झाले नाहीत की शरीर दूध बनवणं कमी करतं. त्यामुळे बाळ लुचेपर्यंत त्याचं काम आईच्या हातांनी करायचं.

आधी हातानं

जमलं तर प्रसूतीनंतर पहिल्या तासात, नाहीतर सहा तासांच्या आत सुरुवात करा. सिझेरियन झालं असेल तर सिस्टरची मदत घ्या. हात धुवा आणि स्तनांना हलका मसाज करा. मग बोंडशीपासून तीनेक सेंटीमीटर मागे, वर अंगठा आणि खाली दोन बोटं ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा आणि सोडा. बोटं कातडीवर घसरवू नका आणि बोंडशी तर अजिबात ओढू नका. मिनिटभर काहीच येत नाही, मग एक पिवळसर, चिकट थेंब टोकाशी येऊन थांबतो. तो बिनसुईच्या सिरिंजनं टिपून घ्या.

हाच चीक. पंपानं काढला तर बराचसा बाटलीलाच चिकटून राहतो, म्हणून पहिले एक-दोन दिवस हातच बरा. पाव मिलि निघाला तरी पाठवा. बाळाचं दूध अजून सुरू झालं नसेल, तर डॉक्टरांच्या परवानगीनं सिस्टर त्यातले थेंब त्याच्या गालांच्या आत लावतात.

मग घड्याळ लावून

चोवीस तासांत आठ ते दहा वेळा दूध काढा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे ती खेप चुकवणं महागात पडतं. पहिले तीन दिवस बाटलीवरचे आकडे बघूच नका, फक्त किती वेळा काढलं ते वहीत लिहा. दोन आठवड्यांच्या शेवटी दिवसाला ५०० मिलिच्या पुढे पोहोचायचं असतं. बाळ तेव्हा त्यातलं थोडंसंच घेत असेल, पण पुढे त्याची भूक वाढते तेव्हा हा पाया उपयोगी पडतो. पंप वापरताना दुखत असेल तर सोसत बसू नका, बहुतेकदा फनेलचं, म्हणजे पंपाच्या स्तनावर बसणाऱ्या भागाचं, माप चुकलेलं असतं.

साठवण

प्रत्येक खेपेची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर नाव, तारीख, वेळ लिहा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. वॉर्डाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. घरून आणताना बर्फाच्या डब्यात आणा. गोठवलेलं दूध फ्रीजमध्ये वितळवलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह नकोच, दूध कुठे थंड, कुठे चटका लागेल इतकं गरम होतं. तुम्ही कुठलंही औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

पाजताना

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणाचे आठवडे धरून साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नाकातून किंवा तोंडातून पोटात घातलेल्या नळीनं जातं. त्या नळीला जोडलेली सिरिंज धरायला मिळेल का, असं सिस्टरला विचारून बघा. वर धरली की दूध आपोआप खाली उतरतं, ढकलावं लागत नाही. दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना दुधात फॉर्टिफायर, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी पूड किंवा द्रव, मिसळून देतात. ‘माझं दूध कमी कसाचं’ असा त्याचा अर्थ लावू नका. इतक्या लहान जिवाची वाढीची गरजच मोठी असते.

परवानगी मिळताच बाळाला उघड्या छातीवर घ्या. यालाच कांगारू केअर म्हणतात; त्यानंतर लगेच दूध काढलं तर बऱ्याच जणींचा पान्हा चांगला उतरतो. दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला बाळाचं तोंड लावू द्या, नुसतं चाटलं तरी चालेल. पुढे ते चार-सहा वेळा चोखेल आणि झोपेल, उरलेलं नळीनं जाईल. असे बरेच दिवस जातात. बाळ घरी आलं म्हणून लगेच पंप परत करू नका. ते अंगावर पोटभर पितंय आणि त्याचं वजन वाढतंय हे दिसलं, की डॉक्टरांना विचारून एकेक खेप कमी करा.