सात महिन्यांनी शेडवर परतलो तेव्हा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन साधे लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि कर्ज काढून घेतलेलं एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन. आसपासच्या फाउंड्र्यांकडून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग येतात, ते मशीनवर मापात कापून आम्ही परत पाठवतो. मांडीचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं आणि मी सात महिने घरी राहिलो. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी दोन महिने शेड चालवली. मग काम आटलं आणि कुलूप लागलं. आजारपण असो, घरातलं दुखणं असो, नाहीतर २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णेचा पूर असो, नव्याने धंद्यात उतरलेल्यांवरही अशी वेळ येऊ शकते, म्हणून जे शिकलो ते सांगतो.

पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी खिशात घालूनच गेलो होतो. मामा म्हणाले, "मालक, फोन मागनं करा. आधी मशीन उठतंय का बघू."

मशीन उठलं नाही. सीएनसीच्या कंट्रोलमधली माहिती वीज बंद असताना एका छोट्या बॅटरीवर टिकते. आमची बॅटरी बंद शेडमध्ये संपली आणि पॅरामीटर, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, पुसले गेले. मशीन घेताना काढून ठेवलेला बॅकअप कपाटात सापडला म्हणून चार दिवसांत निभावलं. तो नसता तर किती दिवस गेले असते कोण जाणे. जास्त दिवस बाहेर राहणार असाल तर बॅटरी आधी बदलून घ्या, आणि ती मशीन चालू ठेवूनच बदला. बंद करून बदलली तर तेच नुकसान होतं. बॅकअपची एक प्रत घरीही असू द्या. टाकीतलं कूलंट, म्हणजे कापताना थंडावा देणारं पाणी, सडून नाक धरायची वेळ आली होती. लेथच्या बेडवर तांबूस गंज धरला होता. जाण्याआधी टाकी रिकामी करून बेडला ऑइल चोपडलं असतं तर हे दोन्ही टळलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

खरा फटका मात्र पुढे बसला. एका जुन्या गिऱ्हाइकाचं काम मिळालं, पंपाच्या कव्हरचं. हा जॉब आम्ही शेकड्यांनी केला होता. फाइलमधलं ड्रॉइंग काढलं, प्रोग्राम लावला, पहिला पीस तपासला, माप बरोबर आलं. ३८ नग पाठवले आणि ३८ च्या ३८ परत आले. मी घरी असताना त्या गिऱ्हाइकाने ६२०५ नंबरच्या बेअरिंगच्या जागी लहान ६२०४ घेतलं होतं, म्हणजे बोअर, बेअरिंग बसायचं भोक, ५२ चा ४७ मिलिमीटर झाला होता. आम्ही जुन्या मापाने ५२ चाच केला. लहान बोअर मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. माल भंगारात गेला आणि कास्टिंगचे पैसे आमच्या बिलातून वळते झाले. चूक माझीच होती. पहिला पीस मी तपासला खरा, पण जुन्याच कागदावर. आपण थांबलो म्हणजे काम जिथं सोडलं तिथंच उभं असेल, असं मी धरून चाललो होतो. म्हणून परत आल्यावर गिऱ्हाइकाकडे ऑर्डरच्याही आधी ताजं ड्रॉइंग मागा, रिव्हिजन नंबर (ड्रॉइंग कितव्यांदा बदललं तो आकडा) आणि तारखेसकट.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एकही बिल फाडलं नसलं तरी जीएसटीचं रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्य रिटर्नला रोज २० रुपये, कर असेल तर रोज ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी सलग सहा महिने भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. बायकोने दर महिन्याला सीएंकडे फोन करून ते सांभाळलं, नाहीतर मी बिल कशावर फाडलं असतं? वीजबिलातला स्थिर आकार शेड बंद असली तरी येतच राहतो. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं, म्हणून अडचण असेल तर त्याआधीच बँकेत जाऊन बोला.

आणि शरीर. पहिले तीन आठवडे मी रोज चारच तास उभा राहिलो. सेटिंग सकाळी करायचो, कारण दुपारनंतर पाय दुखायचा आणि मायक्रोमीटर वाचताना लक्ष उडायचं. तेव्हा एक मोठी ऑर्डर आली होती, तिला नाही म्हणालो. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण घाईत आणखी ३८ नग गेले असते तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं. त्याऐवजी वीस-पंचवीस नगांची कामं घेतली. हात बसत गेला तसे तास वाढवले. पूर्ण दिवस उभा राहायला मला अडीच महिने लागले.

हल्ली नवीन ड्रॉइंग आलं की मामा जुनं माझ्यासमोर फाडतात, आणि मगच मशीनच्या चकमध्ये, पीस पकडणाऱ्या जबड्यात, पीस लावतात.